संशयाची मुळाक्षरे

उर्दू वाचकाला जासूसी कादंबरीचे वावडे नाही. इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' १९५२ पासून निघू लागली आणि घराघरांत वाचली गेली. तरीही अदबी मैफलीत हा प्रकार वेळ घालवण्याचे साधन मानला जातो. अगाथा ख्रिस्ती यांची 'द एबीसी मर्डर्स' (१९३६) वाचल्यावर हे मत पुन्हा तपासावेसे वाटते.

कादंबरी इंग्लंडात घडते. अँडोव्हर गावी मिसेस अ‍ॅशर ही गरीब दुकानदारीण मारली जाते. मग बेक्सहिलला बेटी बर्नार्ड, चर्स्टनला सर कारमायकेल क्लार्क. गावाचे आणि मृताच्या आडनावाचे आद्याक्षर एकच. घटनास्थळी रेल्वेचे एबीसी वेळापत्रक सापडते आणि प्रत्येक खुनाआधी हर्क्यूल प्वारो या गुप्तहेराला पत्र येते. सारा देश एका वेडसर खुन्याच्या शोधाला लागतो.

असा खुनी सर्वांना कसा दिसतो, हाच या कादंबरीचा खरा विषय आहे असे मला वाटते. पहिल्या खुनात संशय जातो मिसेस अ‍ॅशरच्या नवऱ्यावर. तो दारुडा आणि जन्माने जर्मन. पुढे येतो अलेक्झांडर बोनापार्ट कस्ट. नाव दोन जगज्जेत्यांचे, माणूस मात्र दारोदार मोजे विकणारा, युद्धात डोक्याला मार लागलेला, फेफऱ्याचा रोगी. प्रत्येक खुनाच्या दिवशी तो त्याच परिसरात असतो. त्याला काही आठवत नाही, म्हणून खून आपल्याच हातून झाले असावेत असे त्यालाही वाटू लागते. दुबळ्या माणसावर सगळ्यांनी मिळून शक घेतला, की शेवटी तोही स्वतःवर शक घेतो. हे लेखिकेने अचूक टिपले आहे.

लेखिकेने आपल्यालाही सोडलेले नाही. कथा कॅप्टन हेस्टिंग्ज सांगतो. पण मधली काही प्रकरणे त्याच्या निवेदनाबाहेरची आहेत आणि तिथे आपण कस्टला चोरून पाहतो. कोणीही त्याला खुनी म्हणत नाही. तो निर्णय आपणच देऊन मोकळे होतो.

खरा मुजरिम निघतो सर कारमायकेलचा भाऊ फ्रँकलिन क्लार्क. देखणा, रुबाबदार, तपासात मदत करणारा. त्याला भावाची इस्टेट हवी असते. एक खून लपवण्यासाठी तो इतर निरपराधांचे बळी घेतो. कस्टला मोजे विकण्याची नोकरी देणारी कंपनी त्यानेच रचलेली, पत्रे लिहिलेला टाइपरायटरही त्यानेच कस्टकडे पोचवलेला. बेल्जियन प्वारोविषयीचा त्याचा परदेशीद्वेष पत्रांतून डोकावतो आणि अखेर तोंडातून बाहेर पडतो.

दोन आक्षेप मात्र नोंदवले पाहिजेत. डॉनकास्टरच्या सिनेमागृहात जॉर्ज अर्ल्सफील्ड नावाचा न्हावी मारला जातो. आडनाव क्रमात न बसणाऱ्या या बिचाऱ्याला लेखिका धड ओळखही देत नाही. खुन्याने त्याला केवळ आकडा मानले. कथेनेही तेच करावे हे खटकते. दुसरे, टाइपरायटरवर बोटाचा ठसा सापडल्याची थाप मारून प्वारो क्लार्कला खचवतो. कथेत मुजरिम खरा असतो म्हणून वाचक टाळी देतो. पण खोट्या पुराव्याची भीती दाखवून सत्य काढण्याची रीत निरपराधावर चालवली तर काय होईल? कस्टने तर कोणी न दटावताच गुन्हा मनोमन मान्य केला होता.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटांत पकडलेल्या नऊ मुस्लिमांवरील आरोप विशेष न्यायालयाने रद्द केले ते २०१६ मध्ये. मधली दहा वर्षे कोणत्याही निकालाने परत मिळत नाहीत. सूरह अल-हुजुरातमध्ये फार संशय घेण्यापासून दूर राहण्याची ताकीद आहे. ती पोलिसांइतकीच शेजाऱ्याला, वर्तमानपत्र वाचणाऱ्याला आणि आपल्यालाही लागू आहे. आपणही परप्रांतीय मजुराकडे, वस्तीतल्या वेडसर माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो?

म्हणून ही कादंबरी दोनदा वाचावी. पहिल्यांदा खुनी कोण हे कळावे म्हणून, आणि दुसऱ्यांदा आपण कस्टला कोणत्या पानावर दोषी ठरवले ते शोधण्यासाठी.