वाफेचे छोटे इंजिन आणि न सांगितलेले 'का?'

घरातल्या कार्यशाळेत, लहानशा लेथवर, खरोखर वाफेवर चालणारे इंजिन तयार करणे हा इंग्लंडमधला जुना छंद आहे. या छंदाला वाहिलेले 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली सुरू केले. त्यात १९२० च्या दशकापासून पुढे सुमारे चार दशके 'एल.बी.एस.सी.' या आद्याक्षरांनी लिहिणारा एक लेखक फार लोकप्रिय होता. ही आद्याक्षरे त्याने लंडन-ब्रायटन मार्गावरच्या ज्या रेल्वे कंपनीत तो पूर्वी काम करत होता, तिच्या नावावरून घेतली होती. त्याचे लेख वाचून असंख्य हौशी कारागिरांनी इंजिने केली आणि ती चालली. शिक्षकाने त्याला विचारायचा प्रश्न मात्र वेगळा आहे: या लेखनातून वाचकाला इंजिन मिळते, पण विज्ञान किती मिळते?

प्रथम त्याचे श्रेय. आकृत्या आणि कृती यांना तो गमतीने 'शब्द आणि संगीत' म्हणत असे. लेथवर शेजारी उभा राहून एखादा जाणता मिस्त्री बोलतो आहे, असेच त्याचे लेख वाचताना वाटते. कोणता तुकडा आधी कापायचा, भोक कुठून पाडायचे, डाख देताना ज्योत कोणत्या बाजूने धरायची, हे सारे तो क्रमाने सांगतो. वाचकाकडे महागडी यंत्रे असतील असे तो गृहीत धरत नाही. 'पुढील कृती स्पष्टच आहे' असे म्हणून वाचकाला अर्ध्या वाटेवर सोडून देण्याची आपल्या पाठ्यपुस्तकांना असलेली खोड त्याला नाही.

दुसरे श्रेय त्याहून मोठे आहे. त्या काळी लहान इंजिनांचे बॉयलर बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. मोठ्या इंजिनासारखा, आत नळ्या असलेला कोळशाचा बॉयलर इतक्या लहान आकारात चालणार नाही, असे अनेक जाणकार म्हणत. १९२४ साली 'मॉडेल इंजिनिअर'च्या प्रदर्शनात बॅसेट-लोक या प्रसिद्ध कंपनीचे इंजिन आणि एल.बी.एस.सी.चे अडीच इंची रुळांवर चालणारे 'आयेशा' यांची जाहीर चाचणी झाली. कोळशावरचे छोटे इंजिन माणसांना ओढू शकते, हे आयेशाने सर्वांसमोर दाखवून दिले. वाद युक्तिवादाने न मिटवता प्रयोगाने मिटवण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्याचे मुख्य सूत्र असे, की निसर्गाला प्रमाणात लहान करता येत नाही. मोठ्या इंजिनाचा प्रत्येक भाग तंतोतंत त्याच प्रमाणात लहान करा म्हणणाऱ्यांची तो 'इन्स्पेक्टर मेटिक्युलस' या काल्पनिक, काटेकोर अधिकाऱ्याच्या नावाने टर उडवी. सूत्र अगदी बरोबर आहे. समजा, प्रत्येक लांबी १/१६ केली. मग पृष्ठफळ १/२५६ होते आणि घनफळ १/४०९६. म्हणजेच आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग सोळापट वाढतो आणि सिलिंडरमधली वाफ भिंतीला लागून फार लवकर थंड होते. दाब तोच ठेवला तर दट्ट्यावरचा जोर १/२५६ उरतो, पण वजन १/४०९६ होते. इंजिन आपल्या वजनाच्या मानाने भलतेच बलवान ठरते आणि चाके जागच्या जागी घसरू लागतात. म्हणून मोठ्या इंजिनाला दर चौरस इंचाला २०० पौंडांहून अधिक दाब लागत असला, तरी छोट्याला ८० पौंड पुरतात. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फार बारीक केली तर केशाकर्षणामुळे ती खोटी पातळी दाखवते.

माझा आक्षेप इथून सुरू होतो. निसर्ग लहान होत नाही, हे एल.बी.एस.सी. ठामपणे सांगतो. पण निसर्गाचा कोणता नियम, किती आणि का लहान होत नाही, हे सांगायची वेळ आली की तो बहुधा माप देऊन मोकळा होतो.

बॉयलरमधल्या धुराच्या नळ्यांचेच पाहा. मोठ्या इंजिनात अशी नळी १४ फूट, म्हणजे १६८ इंच लांब आणि आतून दीड इंच रुंद आहे असे धरू. प्रमाणात १/१६ केल्यास लांबी १०.५ इंच आणि व्यास ०.०९४ इंच होईल, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक! अशा नळीतून धूर ओढला जाणार नाही आणि भट्टी विझेल. मग व्यास किती ठेवावा? सी. एम. केलर या दुसऱ्या अभ्यासकाने एक सोपा नियम दिला: इंचांतील लांबीला आतल्या व्यासाच्या वर्गाने भागले असता उत्तर ५० ते ७० च्या दरम्यान यावे. आपल्या मोठ्या नळीचे उत्तर ७५ येते, मर्यादेच्या अगदी जवळ. प्रमाणात लहान केलेल्या नळीचे येते सुमारे १२००. नियमाप्रमाणे व्यास हवा सुमारे ०.४ इंच, म्हणजे प्रमाणाच्या चौपट. चौपटच का? कारण १६ चे वर्गमूळ ४. परिणामी जिथे दीडशे नळ्या होत्या, तिथे आठ-दहाच मावतात.

पण व्यासाचा वर्गच का? बारीक नळीतून वायू भोवरे न करता, थराथराने वाहतो. अशा प्रवाहाचा नियम प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास मांडला. वेग तोच ठेवायचा तर लागणारा दाब लांबीच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वायूतली उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत पोचायला लागणारा वेळही व्यासाच्या वर्गाप्रमाणेच वाढतो. म्हणजे नळी अरुंद झाली तर धूर अडतो आणि रुंद झाली तर उष्णता न देताच निघून जातो. कारागिराचा अनुभव आणि भौतिकीचा नियम एकाच अपूर्णांकापाशी येऊन भेटतात. विद्यार्थ्याला थरारून सोडणारी ही जागा आहे आणि नेमकी तीच मापांच्या यादीत हरवून जाते.

यावर कोणी म्हणेल, तो फिटरसाठी लिहीत होता, वर्गासाठी नव्हे. सिद्धांत सांगत बसला असता तर वाचक पळाले असते. हे काही अंशी खरे आहे. पण सूत्रांची पानेच्या पाने कोण मागते आहे? 'नळी चौपट जाड ठेवा, कारण हवेची श्यानता इंजिनाबरोबर लहान होत नाही', एवढे एक वाक्य पुरले असते.

छोट्या प्रतिकृतीला 'का?' विचारले की काय घडते, याला इतिहास साक्षी आहे. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातले न्यूकोमेन इंजिनाचे वर्गात दाखवायचे मॉडेल जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आले. त्याचे सिलिंडर दोन इंच व्यासाचे होते. बॉयलर पुरेसा दिसत असूनही काही फेऱ्यांतच वाफ संपे. मॉडेल चालते करून वॉट थांबला नाही. लहान सिलिंडरचा पृष्ठभाग तुलनेने जास्त असल्याने वाफ वाया जाते, हे त्याच्या लक्षात आले. मग त्याने ती मोजली आणि मोठ्या इंजिनातही तीच उधळपट्टी चालते हे ओळखले. त्यातूनच १७६५ मध्ये वेगळ्या संघनकाची कल्पना आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट निघाले. मॉडेलच्या दोषाने मूळ यंत्राचा दोष दाखवून दिला.

म्हणून शिक्षकांनी एल.बी.एस.सी. जरूर वाचावा, पण प्रत्येक मापाशेजारी समासात 'का?' लिहून. विज्ञान प्रदर्शनात मुलाने चालते इंजिन आणले तर 'हे कसे केलेस?' याबरोबर 'हे मोठ्याच्या प्रमाणात आहे का? नसेल तर कुठे नाही?' असेही विचारावे. मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो: झाकण बंद केलेला पत्र्याचा डबा हा बॉयलर नव्हे. कथील-शिशाचे साधे डाख १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते. ८० पौंड दाबाची वाफच १६० अंशांच्या पुढे असते आणि पाणी आटले की डाख सुटायला वेळ लागत नाही. बॉयलर तांब्याचा, चांदीच्या डाखाचा, सुरक्षा झडप असलेला आणि गार पाण्याने दुप्पट दाबावर तपासलेलाच हवा. पाण्यानेच का, हवेने का नाही? दाबलेली हवा ऊर्जा साठवते, पाणी जवळजवळ नाही. सुरक्षिततेच्या नियमालाही 'का?' असतोच, आणि तो कळलेला मुलगा नियम मोडत नाही.