एक रेणू, अनेक देह : मध्य भारतातील सिकलसेल-संशोधनाची चिकित्सा

जीवसृष्टीतील भिन्नतेचे मापन ही केवळ गणिताची बाब नव्हे. मापनाला आरंभ होण्यापूर्वीच भिन्नतेविषयीची एक भूमिका मापकाने, कळत वा नकळत, स्वीकारलेली असते. बेल्जियन गणिती केतले याने १८३५ मध्ये खगोलशास्त्रातील निरीक्षणदोषांचा नियम मानवी मोजमापांना लावला आणि ‘सरासरी मनुष्य’ ही कल्पना मांडली. ग्रहाचे स्थान एक, निरीक्षणे अनेक. तद्वतच मनुष्याचे खरे रूप एक आणि व्यक्तिव्यक्तींमधील फरक हे त्या रूपापासूनचे स्खलन, असा तिचा गर्भितार्थ होता. १८५९ मध्ये डार्विनने ही दृष्टी उलटी केली. त्याच्या मते व्यक्तिव्यक्तींमधील भेद हीच वस्तुस्थिती; सरासरी ही अभ्यासकाच्या सोयीची गोष्ट. या दोन्ही दृष्टी जीवविज्ञानात आजही शेजारी शेजारी नांदतात, आणि पुष्कळदा एकाच निबंधात नांदतात. त्यांतील विरोध किती दूरवर पोहोचतो हे पाहण्यासाठी विदर्भातील सिकलसेल रोगावरील संशोधनासारखे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. या रोगाचे मूळ एका ॲमिनो अम्लापर्यंत निश्चित झालेले आहे. जेथे कारण इतके एकाकी आणि स्पष्ट आहे, तेथेही जर सरासरी फसवीत असेल, तर जेथे कारणे शेकडो आहेत तेथे तिच्यावर किती विसंबावे, हा प्रश्न आपोआपच उपस्थित होतो.

शिकागो येथे हेरिक याने १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये पॉलिंग व त्याचे सहकारी यांनी विद्युत्‌संचारणाच्या साहाय्याने दाखवून दिले की, दोष पेशीत नसून तिच्यातील हीमोग्लोबिनच्या रेणूत आहे. ‘रैणव रोग’ ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. पुढे १९५६-५७ मध्ये इन्ग्रॅम याने तो दोष नेमका हेरला. बीटा साखळीतील १४६ ॲमिनो अम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढाच तो फरक. या शोधांचे तेज असे की, त्यापुढे एक अनुमान जवळजवळ अपरिहार्य वाटू लागले : रेणू एक, म्हणून रोग एक. रुग्णारुग्णांत जो फरक दिसे तो दुय्यम मानला गेला. मध्य भारतातील संशोधनाचा इतिहास हा वस्तुतः या अनुमानाच्या क्रमाक्रमाने झालेल्या खंडनाचा इतिहास आहे.

भारतात हे जनुक प्रथम १९५२ मध्ये नोंदले गेले. त्या वर्षी लेमान व कटबुश यांनी ते निलगिरीतील आदिवासींत दाखविले. त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांवरील मजुरांतही ते आढळले. परंतु हे मजूर मूळचे आसामचे नव्हते. अन्य प्रांतांतून तेथे नेलेले होते. म्हणजे भारतातील अगदी आरंभीच्या मापनातच एक धडा दडलेला होता : नमुना जेथे घेतला ते स्थळ आणि ज्या समूहाचा तो नमुना आहे त्याचे स्थळ, ही दोन एकच नव्हेत. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांचे मध्य भारतातील सिकलसेल-वाहकांविषयीचे टिपण नागपुराहून ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विदर्भ या नकाशावर आला. मात्र त्यानंतरच्या वाङ्मयात ‘नागपूरचे रुग्ण’ हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने वापरला जातो, ती सहजता तपासून पाहिली पाहिजे. सीताबर्डीला चारी दिशांचे रस्ते येऊन मिळतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर येथील आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, बालाघाटकडील रुग्ण उपचारासाठी नागपुरातच येतो. अशा रुग्णांच्या नोंदींना नागपूरचे नाव देणे म्हणजे रुग्णालयाचा पत्ता हाच रुग्णाचा पत्ता समजणे होय.

आता या वाङ्मयातील सर्वांत प्रभावी विधानाकडे वळावयास हरकत नाही. ते विधान असे की, भारतीय सिकलसेल रोग आफ्रिकी रोगाच्या तुलनेने सौम्य असतो. त्याला आधार नाही असे नाही. १९८६ मध्ये ओरिसातील रुग्णांची जमैकातील रुग्णांशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओरिसातील रुग्णांत गर्भकालीन हीमोग्लोबिनचे प्रमाण अधिक होते, आणि अल्फा थॅलसिमिया हा दुसरा जनुकीय भेदही पुष्कळांत आढळला. या दोन्ही गोष्टी सिकल पेशींचा उपद्रव काही अंशी कमी करतात. भारतातील सिकल-जनुक ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळते तिला ‘अरब-भारतीय’ असे नाव मिळाले, आणि ‘भारतीय रोग सौम्य’ हे सूत्र पाठ्यपुस्तकांत स्थिर झाले.

या सूत्राला खरा धक्का दिला तो १९९७ मधील एका तुलनेने. गुजरातेतील वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे आदिवासीतर रुग्ण यांची ती तुलना होती. दोहोंत सदोष रेणू तोच आणि जनुकाची पार्श्वभूमीही तीच. तरीही वलसाडच्या रुग्णांचा रोग बराच सौम्य आणि नागपूरच्या रुग्णांचा तीव्र. वलसाडकडे अल्फा थॅलसिमिया फार मोठ्या प्रमाणात, तर नागपूरकडे तो पुष्कळच कमी. या अभ्यासाचे मोल असे की, त्याने ‘भारतीय’ हे एकवचनच मोडून टाकले. ओरिसा, वलसाड आणि नागपूर यांची मिळून एक सरासरी काढता येईल. पण त्या सरासरीचा रुग्ण यांपैकी कोठेही नसेल. हा शब्दांचा वाद नव्हे. ज्या रोगावर ‘सौम्य’ हा शिक्का बसला, त्याच्या औषधोपचाराची निकड कमी भासते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध प्रौढ रुग्णांतील वेदनेचे झटके कमी करते, हे अमेरिकेत १९९५ मध्ये सिद्ध झाले. मध्य भारतातील तीव्र रोगाच्या बालकांना दर किलो वजनास १० मिलिग्रॅम या कमी व ठरावीक मात्रेतही ते उपकारक ठरते, हे नागपूरच्या चाचणीतून २०१२ मध्ये पुढे आले. मधल्या सतरा वर्षांचा हिशेब मांडताना त्या एका विशेषणाचा वाटाही विचारात घेणे प्राप्त आहे.

सरासरीचा हा दोष केवळ प्रांतांच्या पातळीवर नाही. एका थेंब रक्तातही तो आहे. भारतीय रुग्णांतील गर्भकालीन हीमोग्लोबिन सुमारे २० टक्के असते असे सांगण्याचा प्रघात आहे. पण हा आकडा कोट्यवधी पेशींची बेरीज करून काढलेला असतो. एका पेशीत सुमारे ३० पिकोग्रॅम हीमोग्लोबिन असते, आणि स्टाइनबर्ग व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार पेशीला पुरते संरक्षण मिळण्यासाठी त्यातील सुमारे १० पिकोग्रॅम गर्भकालीन असावे लागते. आता २० टक्क्यांची वाटणी सर्व पेशींत समान असेल, तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला ६ पिकोग्रॅम येतात आणि एकही पेशी त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. उलट निम्म्या पेशींत १२ आणि उरलेल्या निम्म्यांत शून्य असेल, तर निम्म्या पेशी सुरक्षित होतात. दोन्ही रुग्णांच्या तपासणीच्या कागदावर आकडा एकच येतो; शरीरात मात्र दोन निराळ्या कथा घडत असतात. विखुरणी न सांगता सांगितलेली सरासरी ही अर्धे विधान आहे.

नमुन्याच्या निवडीचा प्रश्न याहून बिकट आहे. रुग्णालयात कोण येतो? जो विशेष आजारी पडतो तो. ज्याला रोगाने फारसे छळलेच नाही तो येत नाही. म्हणून रुग्णालयीन नोंदी रोगाला आहे त्याहून तीव्र दाखवितात. परंतु प्रौढ रुग्णांच्या नोंदींत याच्या नेमके उलट घडते. तीव्र रोगाची बालके निदान होण्यापूर्वीच जंतुसंसर्गाने वा प्लीहेत रक्त साठून दगावली असतील, तर प्रौढपणी जे भेटतात ते वाचलेले असतात, आणि रोग आहे त्याहून सौम्य भासतो. हे दोन दोष परस्परांना नेमके छेद देतील असे मानण्यास कोणतेही कारण नाही. त्यावर उपाय एकच : जन्मतःच निदान करून प्रत्येक बालकाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे. जमैकात १९७३ पासून १९८१ पर्यंत किंग्स्टन येथील एक लाख प्रसूतींची अशी तपासणी झाली, आणि त्या रोगाचे नैसर्गिक स्वरूप जगाला प्रथमच यथार्थ कळले. नागपुरातील वाहक मातांच्या नवजात अर्भकांवरील असा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातही बालकाबालकांतील तीव्रतेची तफावत ठळकपणे दिसली. सीताबर्डीतील झिरो माईलच्या स्तंभापासून मोजलेले अंतर सर्वांना सारखेच लागू पडते, कारण तो दगड जागचा हलत नाही. जैविक मापनात असा अचल दगड नसतो. जमैकाच्या रुग्णाला शून्य मानून नागपूरच्या रुग्णाचे अंतर मोजले की ‘सौम्य’ हा शब्द जन्मतो. परंतु वेदनेने तळमळणाऱ्या बालकाला जमैका ठाऊक नसते.

रेणूपासून निघालेला हा प्रश्न अखेर मेंदूपर्यंत जाऊन भिडतो. या रोगातील सर्वांत भयंकर उपद्रव म्हणजे बालवयातील पक्षाघात. कवटीबाहेरून ध्वनिलहरी सोडून मेंदूच्या रोहिणींतील रक्तप्रवाहाचा वेग मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर वा अधिक असलेल्या बालकांना नियमित रक्तसंक्रमण दिल्यास पहिल्या पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील चाचणीने १९९८ मध्ये सिद्ध केले. बालवैद्यकातील हे एक महत्त्वाचे यश होय. तथापि हीमोग्लोबिन घटले की हा वेग वाढतो. म्हणजे तेच बालक आज रेषेच्या अलीकडे आणि महिन्याने पलीकडे असू शकते. म्हणूनच त्या चाचणीत बालकाची निवड करण्यापूर्वी दोनदा मापन केले गेले. एकाच व्यक्तीतील कालागणिक चढउतार आणि व्यक्तिव्यक्तींतील स्थिर भेद या दोन निराळ्या राशी आहेत, ही जाणीव त्या दुहेरी मापनात आहे. २०० हा आकडा उचलायचा आणि त्यामागील ही दक्षता मागे ठेवायची, हे अनुकरण निरुपयोगी होय.

समूहाच्या पातळीवरील प्रतिमान हे या विषयाचे शेवटचे, आणि व्यवहारदृष्ट्या सर्वांत परिणामकारक, अंग आहे. हार्डी व वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये दिलेल्या नियमानुसार सिकल-जनुकाची वारंवारता कळली की तिच्या वर्गावरून रुग्णांचे अपेक्षित प्रमाण काढता येते. समजा, एका जिल्ह्यात सारख्याच लोकसंख्येचे दोन अंतर्विवाही समाज आहेत. एकात या जनुकाची वारंवारता ०.२ आहे, दुसऱ्यात शून्य. जिल्ह्याची सरासरी वारंवारता ०.१. नियम सरळ लावला तर दहा हजार जन्मांमागे शंभर रुग्ण अपेक्षित ठरतात. प्रत्यक्षात पहिल्या समाजाच्या पाच हजार जन्मांत चार टक्के, म्हणजे दोनशे रुग्ण जन्मतील आणि दुसऱ्यात एकही नाही. सरासरीने येथे निम्मे रुग्ण कागदावरून पुसून टाकले! गणित चुकलेले नाही. चुकले आहे ते संपूर्ण जिल्ह्यात विवाह मुक्तपणे होतात हे गृहीतक. भारतासारख्या देशात हे गृहीतक न तपासता वापरणे हा तांत्रिक दोष राहत नाही. रुग्णालयातील खाटा आणि औषधांचा साठा त्यावरून ठरतो.

यावरून जात वा जमात हेच मापनाचे खरे एकक, असा निष्कर्ष काढणे मात्र दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. विदर्भात हे जनुक गोंड, माडिया, परधान या जमातींत आहे. तसेच ते महार समाजात, ज्यातील बहुसंख्य १९५६ नंतर बौद्ध झाले, लक्षणीय प्रमाणात आहे, आणि कुणबी, तेली समाजांतही कमी प्रमाणात आढळते. धर्म बदलला, नोंदवहीतील नाव बदलले, म्हणून जनुक बदलत नाही. आणि जनुक आढळले म्हणून ते त्या समाजाचे लक्षणही होत नाही. एकाच समाजात बहुसंख्य व्यक्ती त्या जनुकापासून मुक्त असतात. १ जुलै २०२३ रोजी आरंभलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट मोठे आहे आणि स्वागतार्हही आहे. परंतु तिचा भर आदिवासी क्षेत्रांवर आहे. ज्या नागपुराने १९५८ पासून या रोगाची साक्ष दिली, तेथील आदिवासीतर रुग्ण या व्याख्येच्या कडेला राहण्याचा धोका उघड आहे. जेथे शोधले जाते तेथेच सापडते, आणि मग तेथेच तो आहे असा समज दृढ होतो.

शिवाय तपासणी म्हणजे निदान नव्हे. सोपी व स्वस्त विद्राव्यता चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही. त्यासाठी विद्युत्‌संचारणासारखी पुढची परीक्षा लागते. या दोन पायऱ्यांच्या मध्ये जो काळ जातो, त्यात निरोगी वाहक मुलीवर रोगी असल्याचा शिक्का बसतो आणि तिच्या विवाहाची बोलणी मोडू शकतात. मापनाच्या अपुरेपणाची किंमत येथे प्रयोगशाळा देत नाही, ती मुलगी देते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, शासनाला आणि वैद्यकाला सरासरीवाचून व वर्गीकरणावाचून पाऊल टाकता येत नाही; प्रत्येक रुग्ण निराळा म्हणत बसल्यास औषधाची मात्रासुद्धा ठरणार नाही. आक्षेप खरा आहे. परंतु नागपूरच्या २०१२ च्या चाचणीनेच त्याचे उत्तर दिले आहे. तीत मात्रा ठरावीकच होती, पण ती ठरविली गेली याच प्रदेशातील तीव्र रुग्णांवर प्रयोग करून. दूरदेशच्या सरासरीवरून नव्हे. वर्गीकरण टाळावयाचे नसून, ते कोणत्या प्रश्नासाठी, कोणत्या नमुन्यावरून आणि कोणत्या मर्यादेत केले, हे त्याच्यासोबत सांगावयाचे आहे. सरासरीसोबत विखुरणी, नमुन्यासोबत त्याच्या निवडीची रीत आणि प्रतिमानासोबत त्याचे गृहीतक नोंदविले नाही, तर आकडा कितीही सूक्ष्म असला तरी तो ज्ञान होत नाही.

मध्य भारतातील सिकलसेल-संशोधनाने रेणूच्या एकत्वाकडून देहांच्या अनेकत्वाकडे जो प्रवास केला, त्याचे श्रेय येथील वैद्यक-संशोधकांना निःसंकोचपणे दिले पाहिजे. पुढील पायरी आता स्पष्ट आहे. विदर्भात जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाची, त्याची जात वा जमात न विचारता, जन्मतःच तपासणी व्हावी, आणि जे रुग्ण ठरतील त्यांचा पाठपुरावा रुग्णालयाच्या दारापाशी न थांबता गावापर्यंत जावा. तोपर्यंत ‘विदर्भातील सिकलसेल रोग असा असतो’ हे एकवचनी वाक्य कोणत्याही निबंधात आले, तर ते अपुऱ्या मापनाचे चिन्ह समजावे.