ज्यांनी टेंडर भरलंच नाही, ते तुमच्या डेटात कुठे आहेत?

समजा तुम्हाला संशोधनाचा विषय दिला: अमेरिकेत फेडरल सरकारची बांधकामं लहान कंत्राटदारांना मिळावीत म्हणून ज्या सोयी आहेत, त्यांचा उपयोग होतो का? सुरुवात कुठून कराल? मी काय केलं ते सांगते. सोयींची यादी केली, किती कंपन्यांना कामं मिळाली ते मोजलं आणि एक झकास तक्ता तयार केला. मार्गदर्शकांनी तो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "जे आलेच नाहीत ते यात कुठे आहेत?" माझा पहिला प्रस्ताव तिथेच आडवा झाला.

आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. कारण हीच चूक मला नंतर सरकारी अहवालांत दिसली आणि थोड्या प्रमाणात चांगल्या शोधनिबंधांतही.

आधी सोयी बघू. यादी खरोखर भरगच्च आहे. फेडरल कामासाठी 'सॅम' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती फुकट आहे. कागदपत्रं समजत नसतील तर 'एपेक्स अ‍ॅक्सिलरेटर' नावाची मदत केंद्रं आहेत. ती पूर्वी 'पीटॅक' म्हणून ओळखली जायची. स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए, सल्ला देते आणि प्रमाणपत्रंही देते. शिवाय 'रूल ऑफ टू' आहे: योग्य भावात काम करू शकतील अशा किमान दोन लहान कंपन्या बोली लावतील अशी रास्त अपेक्षा असेल, तर ते काम लहानांसाठी राखून ठेवायचं. फेडरल मुख्य कंत्राटांच्या रकमेपैकी 23 टक्के लहान कंपन्यांकडे जावी असं उद्दिष्ट आहे, आणि गेल्या दशकात ते बहुतेक वर्षी गाठलं गेलंय.

इथे तुम्ही म्हणाल, मग झालं की! उपयोग होतोय.

थांबा. हे 23 टक्के डॉलरचे आहेत, कंपन्यांचे नाहीत. 2010 नंतर लहान कंपन्यांकडे जाणारी रक्कम वाढली, पण फेडरल कंत्राट मिळवणाऱ्या लहान कंपन्यांची संख्या मात्र चांगलीच घटली. म्हणजे उद्दिष्ट गाठलं आणि दार अरुंद झालं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यात 'लहान' या शब्दाची व्याख्या बघा. व्यापारी आणि संस्थांच्या इमारती बांधणाऱ्या कंपनीची वार्षिक सरासरी उलाढाल 4.5 कोटी डॉलरपर्यंत असली तरी ती नियमात लहानच. चार माणसं आणि एक ट्रक घेऊन काम करणारा आणि ही कंपनी, दोघंही तुमच्या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात.

आता तो ट्रकवाला अडतो कुठे? माहितीपत्रकं वाचलीत तर वाटेल की त्याला माहिती नाही, फॉर्म भरता येत नाही. काही जणांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण बांधकामात एक जुना आणि बराच उंच उंबरठा आहे: बाँड. 1935 च्या मिलर कायद्यानुसार ठरावीक रकमेच्या वरच्या फेडरल बांधकामाला दोन बाँड द्यावे लागतात. एक काम पुरं करण्याच्या हमीचा आणि दुसरा मजूर, पुरवठादार, उपकंत्राटदार यांचे पैसे बुडणार नाहीत याच्या हमीचा. दुसरा का? खासगी इमारत असेल तर पैसे थकलेला पुरवठादार त्या मालमत्तेवर कायदेशीर बोजा चढवू शकतो. सरकारी इमारतीवर तसं करता येत नाही. म्हणून हा बाँड. नियम वाईट नाही, उलट तो सगळ्यात लहान माणसाच्या मजुरीचं रक्षण करतो.

अडचण वेगळीच आहे. बाँड देणारी कंपनी, म्हणजे शुअरटी, आपल्याकडे बँक गॅरंटी देताना बँक जे बघते तसंच काहीसं बघते: भांडवल किती, हिशेब नीट आहेत का, आणि एवढ्या आकाराचं काम आधी केलंय का. मोठं काम केलेलं नाही म्हणून बाँड नाही, आणि बाँड नाही म्हणून मोठं काम नाही. एसबीए शुअरटीला तिच्या संभाव्य तोट्याच्या 80 ते 90 टक्क्यांची हमी देते, आणि माझ्या मते सगळ्या यादीतली नेमक्या दुखण्यावर बोट ठेवणारी सोय हीच आहे. पण ती कामाला यायची तर आधी शुअरटी तयार व्हावी लागते, आणि तिच्यापुढे ठेवायला नीट हिशेब लागतात. यादीत मात्र ही सोय इतर दहा सोयींच्या रांगेत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत उभी असते. आधी काय करायचं आणि नंतर काय, हे यादी सांगत नाही. माझी तिच्याबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

आता संशोधनाकडे येऊ. जस्टिन मॅरियन यांचा 2007 चा निबंध वाचाच. कॅलिफोर्नियात राज्याच्या पैशातून होणाऱ्या रस्त्यांच्या कामांत लहान कंपन्यांना बोलीत 5 टक्के सवलत होती. फेडरल पैसा असलेल्या कामांत नव्हती. ही तुलना फार हुशारीची आहे. निष्कर्ष असा की सवलतीच्या लिलावांत खर्च 3.8 टक्के जास्त आला, आणि त्याचं कारण म्हणजे कमी खर्चात काम करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा सहभाग घटला. बघा, उत्तर शेवटी 'कोण आलं नाही' याच्यापाशीच पोचलं. क्रास्नोकुत्स्काया आणि साइम यांनी 2011 मध्ये पुढचं पाऊल टाकलं: कामाचे नकाशे घेतलेल्या सगळ्या कंपन्यांना त्यांनी संभाव्य बोलीदार धरलं. त्यामुळे नकाशे घेऊन बोली न लावणारेही हिशेबात आले.

दोन्ही निबंध मला आवडतात. पण ज्याला बाँड मिळणारच नाही हे पक्कं माहीत आहे, तो नकाशे तरी कशाला घेईल? तो या यादीतही सापडणं कठीण. आणि फेडरल कंत्राटांचा जाहीर डेटा तर याहून आंधळा आहे: किती बोली आल्या याचा आकडा त्यात असतो, पण हरलेल्यांची नावं नसतात. त्या डेटावरून 'सोयींचा उपयोग होतो' असं कुणी लिहिलं, तर तो खरं म्हणजे जिंकलेल्यांचाच अभ्यास असतो.

हे फक्त टेंडरचं नाही बरं का. शिष्यवृत्ती, पीककर्ज, दवाखाने, कुठल्याही योजनेवर काम करणार असाल तर डेटा उघडायच्या आधी कागदावर लिहा: या तक्त्यात यायला माणसाला आधी काय काय पार करावं लागतं? प्रत्येक पायरीवर किती जण गळत असतील, आणि त्यांची नोंद कुणाकडे असेल?

माझ्या नव्या प्रस्तावात मी कंत्राटं मिळालेल्यांपासून सुरुवात करत नाही. राज्यांकडच्या परवानाधारक कंत्राटदारांच्या यादीपासून करते आणि तिथून एकेक पायरी वर जाते. काम तिप्पट वाढलंय, तक्ता अजून अर्धाच आहे. पण या वेळी मार्गदर्शकांनी तो प्रश्न विचारला, तर माझ्याकडे निदान एक रकाना आहे.