संत जनाबाईंच्या अभंगांतील सेवा आणि आनंद : एक चिकित्सा

प्रस्तावना

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या मुखी आलेल्या नवविधा भक्तीत दास्य ही सातवी भक्ती होय. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात या भक्तीसाठी स्वतंत्र समास योजला असून देवाच्या दारी पडेल ते काम, कितीही हलके असले तरी, आवडीने करावे असा त्याचा आशय आहे. केवळ कृती करून भागत नाही, ती कोणत्या मनाने केली याला महत्त्व आहे, हा विचार भारतीय परंपरेत जुना आहे. गीतेच्या १७व्या अध्यायात मन कष्टी करून दिलेले दान राजस ठरविले आहे, तर १८व्या अध्यायात सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत धैर्याबरोबर उत्साहाचाही समावेश आहे. ज्ञानेश्वरीत (इ. स. १२९०) स्वकर्म हीच ईश्वराची पूजा होय, हा विचार फुलांच्या रूपकातून मांडला गेला.

या विचारापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्या व्यक्तीला सेवा नाकारण्याची मुभाच नाही, तिच्या सेवेतील आनंद हा तिने निवडलेला म्हणावा काय? संत जनाबाईंच्या काव्याच्या संदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. ‘दासी’ हा शब्द त्यांच्या बाबतीत दोन अर्थांनी खरा आहे. त्या भक्तीने विठ्ठलाच्या दासी होत्या आणि समाजव्यवहाराने नामदेवांच्या घरच्या दासी होत्या. या दोन अर्थांमधील ताण व त्यातून सिद्ध होणारे आनंदाचे स्वरूप यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जनाबाई : जीवन आणि काव्य

परंपरेनुसार जनाबाई मूळच्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आल्या आणि संत नामदेवांच्या (१२७०-१३५०) कुटुंबात त्यांचे आयुष्य गेले. दळणकांडण, सडासारवण, पाणी भरणे, धुणे, शेणी वेचणे ही त्यांची कामे होती. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात. हे अभंग दीर्घकाळ मौखिक परंपरेतून वाहत आले असल्याने त्यांतील प्रत्येक रचना जनाबाईंचीच आहे असा आग्रह धरता येत नाही. तथापि या अभंगांतून उभे राहणारे व्यक्तिमत्त्व एकसंध आहे आणि मराठी मनाने ते जनाबाईंचे म्हणूनच स्वीकारले आहे. येथील विवेचन त्याच मर्यादेत केले आहे.

प्रचलित वाचनाची मर्यादा

जनाबाईंच्या अभंगांचे एक वाचन रूढ झाले आहे. जनी कष्टत राहिली, तिने कधी तक्रार केली नाही, हाती आलेले काम हसतमुखाने केले म्हणून देव तिच्या मदतीस धावला, असे हे वाचन सांगते. कीर्तनांतून आणि अनेकदा वर्गाध्यापनातूनही हाच आशय पुढे येतो. त्याचा परिणाम असा की जनाबाईंचा आनंद हा मुकाट्याने राबणाऱ्या स्त्रीचा आदर्श म्हणून वापरला जातो. मालकाला सोयीचा असा हा आनंद आहे.

अभंगांची साक्ष मात्र वेगळी आहे. एका अभंगात नामदेवांच्या घरातील राजाई, गोणाई तसेच मुलांना देवाजवळ स्थान आहे आणि आपल्याला मात्र नीच म्हणून दाराबाहेर ठेवले आहे, अशी व्यथा जनाबाई स्पष्ट शब्दांत मांडतात. काही अभंगांतून त्या विठ्ठलावर रागावतात, त्याला शिव्याशाप देतात. तक्रार न करणारी जनी ही प्रतिमा या अभंगांपुढे टिकत नाही. आपले स्थान कोणते आहे हे त्या जाणतात आणि बोलूनही दाखवितात. त्यांच्या आनंदाला अज्ञान किंवा भोळेपणा म्हणता येत नाही, ते याच कारणाने. दुःखाचे नाव घेतल्यानंतर उरणारा हा आनंद आहे.

सेवा आणि वेठ

मराठीत ‘सेवा’ या शब्दाशेजारी ‘वेठ’ हा शब्द ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. मोबदल्याविना, सक्तीने करून घेतलेले काम म्हणजे वेठ. बाहेरून पाहता वेठ आणि सेवा यांत फरक दिसत नाही. जाते तेच असते, दळण तेच असते. फरक पडतो तो काम कोणाला अर्पण होते यामुळे. जनाबाईंनी कामे बदलली नाहीत, कारण ते त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी कामाचा धनी बदलला. दळण दामाशेटींच्या घरचे असले तरी ओवी विठ्ठलाची झाली. निवडीला जागा होती ती एवढीच आणि तेथे जनाबाईंनी निवड केली.

या निवडीचे दुसरे अंग अधिक महत्त्वाचे आहे. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल सेवा घेत बसत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो, शेणी वेचू लागतो, पाणी भरतो, जनीचे केस विंचरतो. म्हणजे धनी स्वतःच सेवक होतो. ज्या घरात जनी सर्वांची दासी आहे, त्याच घराच्या कोपऱ्यात विश्वाचा स्वामी तिचा सोबती आहे. दास्यभक्तीच्या शास्त्रीय मांडणीत सेवेचा प्रवाह भक्ताकडून देवाकडे जातो. जनाबाईंच्या काव्यात तो दोन्ही दिशांनी वाहतो. त्यांच्या आनंदाचे मूळ या परस्परतेत आहे. श्रम वाटून घेतले गेल्याचा हा आनंद आहे.

हा आनंद सुरक्षितही नाही. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन, असा निर्धार त्या व्यक्त करतात, तेव्हा लोकलज्जेची किंमत मोजण्याची तयारी त्यात असते. देवाच्या पदकाच्या चोरीचा आळ येऊन जनाबाईंना सुळावर देण्यासाठी नेले गेले, ही कथाही परंपरेने जपली आहे. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी घरकाम करणाऱ्या स्त्रीवर प्रथम संशय येतो, हे सामाजिक वास्तव त्यातून उरतेच.

लोकपरंपरेतील प्रतिसाद

जनाबाईंच्या या भूमिकेचा खरा स्वीकार जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांनी केला. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. विठ्ठल जनीला दळू लागतो ही कल्पना जात्यावरच्या ओव्यांत पुन्हा पुन्हा येते. पहाटे एकटीने जाते ओढणाऱ्या बाईला जनीच्या सहनशीलतेपेक्षा तिला लाभलेली सोबत अधिक जवळची वाटली, असे म्हणता येईल.

निवडीची मर्यादा

येथे एक आक्षेप रास्त आहे. धनी बदलला तो मनात. घरातील व्यवस्था होती तशीच राहिली. मग हा आनंद म्हणजे केवळ समजूत नव्हे काय? या आक्षेपाचे गांभीर्य संत चोखामेळा यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. चोखोबांनी आपल्या गावकीच्या कामाची भाषाच ‘जोहार’च्या रूपाने भक्तीची भाषा केली. इच्छापूर्वक सेवेचे ते उत्कट रूप आहे. परंतु १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. देवाची सेवा आनंदाने स्वीकारणारा भक्त माणसांच्या कामाखाली गाडला गेला. त्यांचे पुत्र कर्ममेळा यांनी तर हीन जन्म आणि उष्टे अन्न देणाऱ्या देवालाच लाज वाटत नाही काय, असा जाब विचारला. एकाच घरात स्वीकार आणि जाब दोन्ही नांदले आणि वारकरी परंपरेने दोन्ही अभंग जपले, ही गोष्ट लक्षणीय आहे. सेवेतील आनंद नाकारण्याचा अधिकारही भक्ताला आहे, हेच कर्ममेळ्यांच्या अभंगांतून सिद्ध होते.

या पार्श्वभूमीवर जनाबाईंच्या आनंदाकडे पाहिले म्हणजे आक्षेपाचे उत्तर मिळते. त्यांच्या आनंदाने व्यवस्था बदलली नाही, हे मान्य करावे लागते. पण व्यवस्थेने त्यांना दिलेला अर्थही त्यांनी मान्य केला नाही. ‘नामयाची दासी’ ही त्यांची नाममुद्रा आज कमीपणाची वाटत नाही, याचे श्रेय त्यांच्या शब्दांना आहे.

निष्कर्ष

१. जनाबाईंच्या काव्यातील आनंद हा व्यथा व राग व्यक्त केल्यानंतरचा आहे. त्याला निमूट समाधान समजणे अभंगांच्या साक्षीशी विसंगत आहे.

२. सेवा व वेठ यांतील भेद कामाच्या स्वरूपात नसून अर्पणात आणि परस्परतेत आहे.

३. चोखामेळा व कर्ममेळा यांचे अभंग या निवडीची मर्यादा दाखवितात. म्हणून जनाबाईंचे अध्यापन त्यांच्या सोबतीने होणे इष्ट ठरते.

४. सेवेतील आनंद सेवकाने निवडावयाचा असतो. सेवा घेणाऱ्याने तो मागितला की तिची वेठ होते. संतकाव्य शिकविताना हा विवेक सुटला, तर जनाबाईंनी ज्या दाराबाहेर उभे राहून देवाला प्रश्न केला, त्याच दारात त्यांना पुन्हा उभे केल्यासारखे होईल.