संच चालवावा की थांबवावा?

वीजकेंद्रातील संचांमध्ये भार कसा वाटावा याचे गणित अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एकाच साच्यातून येते. प्रत्येक संचाच्या इंधनखर्चाचा गुळगुळीत वक्र द्यायचा, त्याचे विकलन करायचे आणि विजेच्या जादा युनिटला सर्व संचांत सारखाच खर्च येईल अशी वाटणी काढायची. विकलनाचा सराव म्हणून उदाहरण देखणे आहे. नियमही चुकीचा नाही. पण गॅस टर्बाइनच्या केंद्रात रोज पडणारा प्रश्न त्यात येतच नाही, ही आमची तक्रार आहे.

टर्बाइनच्या शक्तीचा मोठा हिस्सा तिच्याच कॉम्प्रेसरला फिरवण्यात खर्च होतो. त्यामुळे वीज शून्य असली तरी इंधन जळतच राहते. समजा, प्रत्येकी १०० मेगावॉटचे दोन सारखे संच आहेत. नुसते फिरत राहायला एका संचाला तासाला ६० एकक इंधन लागते आणि त्यापुढे दर मेगावॉटला २ एकक. (आकडे सोयीसाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष वक्र इतका सरळ नसतो.) मागणी १२० मेगावॉट असताना भार ६०-६० वाटा की १००-२०, खर्च ३६० एककच! पुस्तकातल्या नियमाला येथे सांगण्यासारखे काही उरत नाही.

रात्री मागणी ९० वर उतरली की खरी गंमत सुरू होते. दोन्ही संच चालू ठेवले तर तासाला ३०० एकक, एकच चालवला तर २४०. मग दुसरा थांबवावा का? पुन्हा सुरू करताना इंधन लागते, तापण्या-निवण्याने टर्बाइनची पाती झिजतात. हा भुर्दंड २०० एककांइतका धरला, तर तीन तास थांबवून १८० वाचतात आणि २०० जातात. पाच तास थांबवून मात्र १०० एककांचा निव्वळ फायदा. सीमा ३ तास २० मिनिटांवर आहे. हे गणित सातवीचा विद्यार्थीही करील.

उरणच्या केंद्रात १०८ मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइनांच्या तप्त धुरावर चालणारे १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच आहेत. तेथे एक टर्बाइन थांबवली की वाफही घटते. ‘स्वतंत्र संच’ हे गृहीतच कोसळते. शिवाय अनेक वर्षे तेथे गॅस अपुरा मिळत आला. अशा वेळी हाती असलेला गॅस कोणत्या तासांत जाळायचा, हाच प्रश्न उरतो.

पाठ्यपुस्तके संच चालू-बंद करण्याचा विषय पुढच्या प्रकरणात घेतात, हे खरे. दहा संच आणि चोवीस तास धरले तर चालू-बंदचे पर्याय २ चा २४० वा घात, म्हणजे ७३ अंकी संख्या होते, म्हणून तो कठीण मानला जातो. आमच्या मते दोन संचांचे उदाहरण आधी यावे, विकलन मागून. वर्गात भुर्दंड २०० ऐवजी ४०० धरून पाहावा. आणि एकटा चालणारा संच मध्यरात्री अचानक बंद पडला तर ९० मेगावॉट कोठून आणायचे, हेही विचारावे.