हौस, रुखवत आणि मुका खांब

क्रोशाच्या कामाबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते दोन प्रकारचं असतं: कसं विणावं, आणि विणणारी किती हौशी होती. विणलेली वस्तू चांगली झाली आहे का, झाली असेल तर कशामुळे, हे कोणी फारसं विचारत नाही. कवितेला, चित्राला, हल्ली पाककृतींच्या पुस्तकालाही परीक्षण मिळतं. रुमालाला नुसतं कौतुक मिळतं, आणि कौतुक करून विषय संपवता येतो.

मी दिल्लीतल्या द्वारकेत राहते. कृष्णाची नव्हे, डीडीएने आखलेली. सेक्टरांचे आकडे आणि सहकारी सोसायट्यांच्या इमारती असलेली. इथे एकाच मजल्यावर चार भाषांची घरं असतात, त्यामुळे त्याच एका सुईची नावं कानावर पडतात. हिंदीत क्रोशिया, बंगालीत कुरुश, आमच्याकडे क्रोशा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ छोटा आकडा. तो प्रत्येकीने आपापल्या जिभेवर वळवून घेतला. हे काम रिकाम्या वेळेचं, याबद्दल मात्र सगळ्या भाषांचं एकमत आहे. मराठीत त्यासाठी 'हौस' हा शब्द आहे. तो अरबीतल्या 'हवस'वरून आला. हिंदीत तोच शब्द थेट वासनेला गेला आणि आमच्याकडे येऊन सोज्वळ झाला. हौसेला मोल नसतं, हेही आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो.

हा रिकामा वेळ कसला असतो ते टाक्यातच दिसतं. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. सुई निसटली की ओळ उसवायची धास्ती. क्रोशात एक खांब पुरा होतो, मग पुढचा सुरू होतो, आणि सुईवर एकच फास उरतो. म्हणून दूध उतू जाताना, बेल वाजताना, पोर रडताना हातातलं काम आहे तसं खाली ठेवता येतं आणि तासाभराने तिथूनच उचलता येतं. दर दहा मिनिटांनी मोडणाऱ्या दिवसाला झेपेल असं हे तंत्र आहे. बायकांमध्ये ते इतकं का रुजलं याचं उत्तर त्यांच्या 'उपजत नाजूकपणात' शोधणाऱ्यांनी आधी स्वयंपाकघराचं वेळापत्रक पाहावं.

त्याची भाषाही वाचण्यासारखी आहे. इंग्रजी नमुना म्हणजे संक्षेपांची रांग. जुन्या मराठी मासिकांतला नमुना पूर्ण वाक्यांत बोलतो: साखळ्या घालाव्या, खांब घ्यावा, काम उलटवावं. अमेरिकन नमुन्यातला 'सिंगल' टाका ब्रिटिश नमुन्यात 'डबल' होतो आणि नवशिकीचा गोंधळ उडतो. मराठीत आखूड टाका म्हणजे मुका खांब. ही परिभाषा कोणत्याही समितीने घडवलेली नाही. उंच टाक्याला खांब म्हणणं सोपं होतं. पण आखूड टाक्याला 'मुका' म्हणायचं जिला सुचलं, तिला भाषा कळत होती.

आता रुखवत. मुळात रुखवत म्हणजे नवरदेवाकडच्या मंडळींपुढे मांडलेला फराळ. पुढे त्या मांडणीत शोभेच्या वस्तू शिरल्या आणि फराळ मागे सरकला. सुपारीचे भटजी, मण्यांचं तुळशीवृंदावन, सप्तपदीची सात पावलं, लोकरीची फळं, क्रोशाचं तोरण. कलाप्रकार म्हणून बोलायचं तर बरंचसं रुखवत वाईट असतं, आणि याचं कारण नक्कल. सुपारी भटजीसारखी दिसली, लोकर सफरचंदासारखी दिसली की लोक खूश. या गर्दीत तोरण उजवं ठरतं, कारण ते कशासारखंही दिसायला जात नाही. दोरा किती आणि पोकळी किती, एवढाच त्याचा विषय. चांगल्या तोरणात भोकं मोजून सोडलेली असतात, त्यांतून दाराच्या चौकटीचा रंग दिसतो, दोऱ्याचा ताण पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत एकसारखा असतो. वाईट तोरण भरगच्च असतं. विणणारीला पोकळीची भीती वाटलेली दिसते.

अर्थात हे सगळं मांडायचं ते मुलीचे हात तपासायला. आता तयार रुखवत विकत मिळतं, भाड्यानेही मिळतं, कुरिअरने दिल्लीपर्यंत येतं. यावर हळहळणाऱ्यांत मी नाही. उत्तरपत्रिका बाहेरून लिहून आणता येते म्हटल्यावर त्या परीक्षेचा धाक उरत नाही, आणि तो न उरलेलाच बरा. मात्र ती बाहेरची बाई कोण, हे विचारायला हवं.

त्यासाठी नरसापूरला जावं लागतं. आंध्रमधल्या गोदावरीकाठच्या या भागात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली आणि ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बायकांवर लिहिलेलं 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' १९८२ साली आलं. एकीने फुलं विणायची, दुसरीने ती जोडायची. पुरी वस्तू व्यापाऱ्याच्या हातात. निर्यात चालू असताना या बायकांची गणना मात्र फावल्या वेळात काहीतरी विणणाऱ्या गृहिणींमध्ये, म्हणून मजुरीही फावल्या वेळेची. मीस यांनी या प्रक्रियेला गृहिणीकरण म्हणावं असा शब्द वापरला. मला हे पुस्तक अजूनही धारदार वाटतं. एक तक्रार आहे: लेस कशी बनते आणि कशी विकली जाते हे त्यांनी पाहिलं, लेस म्हणून ती कशी आहे हा त्यांचा प्रश्नच नव्हता. भरतकामासाठी ते काम रोझिका पार्कर यांनी 'द सबव्हर्सिव्ह स्टिच'मध्ये (१९८४) केलं. क्रोशासाठी मराठीत अजून कोणी केलेलं नाही. आमच्याकडे विणीचं कौतुक बहिणाबाईंच्या सुगरणीपाशी येऊन थांबतं. आणि निसर्गात ते घरटं नर विणतो. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाचं नाव लागलं, हे चांगलंच झालं.

इथल्या सोसायट्यांच्या दिवाळी मेळ्यांत सध्या सगळ्यात जास्त खपतात क्रोशाची फुलं. ट्यूलिप, सूर्यफूल, गुलाब. तारेच्या देठावर, सेलोफेनमध्ये गुंडाळलेली. कौशल्य नाकारता येत नाही. पाकळीची कड वळवायला टाके कुठे वाढवायचे हे कळावं लागतं. तरीही माझं मत प्रतिकूल आहे. ही फुलं न सुकण्याच्या जाहिरातीवर विकली जातात, आणि हे रुखवतातल्या सफरचंदाचंच पुढचं पाऊल आहे. कोकण-गोव्यातली अबोलीची वेणी आठवा. केळीच्या सोपाच्या दोऱ्यात फुलं गुंफत न्यायची, सुई नाही. दोन बोटांत देठ, एक वेढा, पुढचं फूल. अबोलीला वास नाही, त्यामुळे सगळी मदार रंगावर आणि गुंफणीच्या घट्टपणावर. ती सुकणार हे वेणी करणारीला ठाऊक असतं आणि तरी ती गुंफण ढिली ठेवत नाही. क्रोशाच्या ट्यूलिपमध्ये मला हा ताण दिसत नाही. त्याच टेबलावरच्या साध्या पांढऱ्या गोल रुमालात दिसतो, पण रुमाल आता कोणी घेत नाही. टीव्ही भिंतीवर गेला, तो घालायचा कशावर?

तसा हातभर व्यासाचा एक रुमाल मी स्वतः विणून वेळ मोजला. पंचवीस तास लागले. मेळ्यात तेवढ्याच रुमालाची किंमत चारशे रुपये होती, म्हणजे तासाला सोळा, दोरा वगळलेला नाही. आणि इथे कारखान्याची सबबही चालत नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा क्रोशाचा टॉप पाहिला की यंत्रावर निघाला असेल असं आपण धरून चालतो. क्रोशाचा टाका घाऊक पद्धतीने विणणारं यंत्र कारखान्यांत नाही. जे मिळतं ते क्रोशासारखं दिसणारं दुसरं विणकाम असतं, नाहीतर कोणाच्या तरी हाताचं काम.

मेळ्यातल्या त्या टेबलाशी एक गिऱ्हाईक बाई घासाघीस करत होत्या. "शौक़ से ही तो बनाया है, तीन सौ कर दो." विकणाऱ्या बाईंनी रुमालाची घडी घातली आणि तो परत डब्यात ठेवला.