तारांकन, रसिकमत आणि संगीतसमीक्षा

संगीताच्या संगणकीय सूचींनी सामान्य श्रोत्याच्या मताला नोंदीचा दर्जा दिला, ही गेल्या पाव शतकातील आस्वादव्यवहारातील एक लक्षणीय घटना होय. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘रेट युवर म्युझिक’ या सूचीत श्रोता एखाद्या ध्वनिमुद्रणसंचास अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देतो, इच्छा असल्यास परीक्षणही लिहितो. या मतांतून सरासरी आणि सरासरीतून क्रमवारी सिद्ध होते. समीक्षकाची मक्तेदारी संपली, असे स्वागत या व्यवस्थेचे होते. अभिरुचीची लोकगणना म्हणून तिची हेटाळणीही होते. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. तारा हे नेमके कोणत्या प्रकारचे विधान आहे?

कांटने १७९० साली ‘सुखद’ आणि ‘सुंदर’ यांत केलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. ‘मला हे आवडले’ हे विधान बोलणाऱ्यापुरते असते, तर ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो. पहिल्या प्रकारची हजारो विधाने एकत्र केली तरी त्यांतून दुसऱ्या प्रकारचे एकही विधान निष्पन्न होत नाही. सरासरी आवडीचे प्रमाण सांगते. ती कोणाकडे संमती मागत नाही आणि म्हणून कोणाला कारणही देत नाही. तारांकनाची मर्यादा श्रोता अज्ञ असण्यात नाही. कारण देण्याची जबाबदारी त्या चिन्हातूनच वगळली गेली आहे, ही ती मर्यादा होय.

मराठीत संगीतसमीक्षा उभी राहिली ती नेमकी या जबाबदारीच्या जाणिवेतून. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांवर लिहिताना आवडनिवडीला स्वरलगाव, लय आणि मांडणी यांच्या तपशिलाचा आधार दिला. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात तर घराण्यांची एक श्रेणीच मांडलेली आहे. एका टोकाला स्वरप्रधान किराणा, दुसऱ्या टोकाला लयप्रधान आग्रा आणि दोहोंचा समतोल साधणारी जयपूर गायकी अशी ही मांडणी. ही मोजपट्टी वादग्रस्त ठरू शकते, पण ती वाद घालता येईल इतकी उघड आहे. चार ताऱ्यांशी वाद घालता येत नाही. फार तर आपले दोन तारे त्यांच्या शेजारी ठेवता येतात.

तथापि या परंपरेची बाजू घेताना तिच्या परिघाचे विस्मरण होता कामा नये. मैफल, गायन समाज आणि शहरी नियतकालिक यांनी घडवलेल्या ‘जाणत्या रसिका’चेच कारण या समीक्षेला कारण वाटले. पुणे जिल्ह्यातच नारायणगावला चैत्र-वैशाखातील यात्रांसाठी तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी तेथे येतात, फडाफडांची तुलना करतात, घासाघीस करतात आणि एका फडाला सुपारी देतात. गेल्या वर्षीचा वग रंगला की पडला, गाणारणीचा आवाज पहाटेपर्यंत टिकला की नाही, बतावणीत दम होता का, याची चर्चा या निर्णयामागे असते. गावाची वर्गणी पणाला लावून दिलेले हे मत बेजबाबदार कसे म्हणता येईल? ते सकारण असते, सामूहिक असते. फक्त ते लिहिले गेले नाही. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांची कीर्ती प्रथम अशाच अलिखित मतांवर उभी राहिली. या मतांचे दप्तर मराठी समीक्षेने ठेवले नाही, हे मान्य करावे लागेल.

आज पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील कारेगावसारखे गाव रांजणगाव औद्योगिक वसाहतीला लागून आहे. दूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेला कामगार तेथे भ्रमणध्वनीवर आपापले गाणे ऐकतो. ज्या श्रोतृसमूहाच्या चर्चेतून मत घडत असे, तो समूह अशा ठिकाणी विरळ होत जातो. तारांकन हे या एकट्या श्रोत्याचे रूप आहे. त्याला मत आहे, पण ते ज्यांच्यापुढे सिद्ध करावे असे कोणी समोर नाही.

दुसरा मुद्दा सूचीच्या रकान्यांचा. रकाना हा निष्पाप नसतो. ‘कृती कशाला म्हणावे’ याचा एक सिद्धान्त त्यात गृहीत असतो. पाश्चात्त्य सूचीचे एकक ध्वनिमुद्रणसंच हे आहे. केसरबाई केरकरांची १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झालेली भैरवी सुमारे साडेतीन मिनिटांची आहे. तिला दिलेले तारे मैफलीतील केसरबाईंना कसे लागू पडावेत? भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रणच उपलब्ध नाही. त्यामुळे गायक म्हणून ते अशा सूचीत शून्य ठरतात. ‘आठवणीतली गाणी’ या मराठी सूचीत गीत, संगीत, स्वर, राग असे रकाने असल्याने ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाच्या पदांचे संगीतकार म्हणून तरी त्यांना जागा मिळू शकते. मात्र बैठकीच्या लावणीत शब्दाला अदेने अर्थ देणारी कलावंतीण याही रकान्यांच्या बाहेरच राहते. मूल्यमापनाच्या आधीच, नोंदीच्या पातळीवर, मूल्यनिर्णय होऊन गेलेला असतो.

याउस यांनी १९६७ साली मांडलेली ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना या संदर्भात एक वाट दाखवते. श्रोत्यांची मते हा निर्णय नसून पुरावा आहे: विशिष्ट काळी, विशिष्ट समूहाने संगीताकडून काय अपेक्षिले याचा. या दृष्टीने पाहता सूचीतील लहानसे परीक्षणही सरासरीपेक्षा मोलाचे ठरते, कारण त्यात श्रोता काय शोधत होता हे उमटते. म्हणूनच तारे काढून टाका अशी मागणी व्यर्थ आहे. मागणी करायची ती अधिक रकान्यांची: हे गाणे कोणी, कोठे, केव्हा आणि कोणाच्या संगतीत ऐकले; कशाशी ताडून पाहिले; का आवडले. यात्रेतल्या फडाविषयी गावकऱ्यांकडून अशी माहिती घेणे हे मराठी विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज शक्य असलेले संशोधन आहे. रात्रभर वग ऐकलेल्या पिढीबरोबर तिची कारणेही जातील, आणि मग उरेल ती केवळ सरासरी. तेव्हा या कामाला विलंब परवडणारा नाही.